पळसपापडी, वावडिंग आणि शेळ्यांचे जंत : नक्की काय लागू पडतं?

माण_खटाव :
राम राम मंडळी. उस्मानाबादी शेळ्या आहेत, लहानमोठ्या धरून चाळीसच्या आसपास. दिवसा माळावर आणि ओढ्याकाठी चरतात, संध्याकाळी गोठ्यात कडबा आणि थोडी पेंड. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, अल्बेंडाझोल, पाजतो, कधी चुकवलं नाही. तरी यंदा पावसाळा सरत आला आणि करडं खंगायला लागली. दोन शेळ्यांच्या जबड्याखाली पाण्यासारखी सूज आलीय, सकाळी कमी असते, चरून आल्या की वाढते. हगवण म्हणाल तर फारशी नाही, लेंड्या ठीक आहेत.

शेजारचे आजोबा म्हणतात, "पळसपापडी (पळसाची बी) कुटून गुळातून दे, इंग्रजी औषधं बंद कर." मोबाइलवर बघावं तर कोणी कडुनिंबाचा रस सांगतो, कोणी लसूण, कोणी सीताफळाच्या बिया. यातलं खरंच काय चालतं? मात्रा किती? कोणी स्वतः दिलंय का?

गावरान :
आजोबा बरोबर बोलतायत. आमच्याकडे चैत्रात पळसाच्या शेंगा गोळा करायचे. पापडी वाळवून, कुटून, गुळात गोळी करून द्यायची. कंपन्यांच्या बाटल्या आल्या आणि जनावरं कायमची आजारी पडली.

डॉ_निवृत्त :
खटावदादा, आधी एक काम आजच करा. सूज आलेल्या शेळ्यांची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर निवांत. फिकट गुलाबी असेल तर सावध. पांढरीफटक असेल तर ही चर्चा बाजूला ठेवा, तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर बोलवा. पांढऱ्या पापणीच्या जनावरावर कोणताही पाला करून बघायचा नसतो, तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

तुम्ही जे सांगताय (हगवण नाही, पण रक्त कमी आणि जबड्याखाली सूज) त्यावरून माझा पहिला संशय हीमोंकस कंटॉर्टसवर. शेळीच्या चौथ्या पोटात राहणारा, रक्त पिणारा गोलकृमी. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब, लाल-पांढरा पीळ घातलेल्या दोऱ्यासारखी दिसते. एक किडा दिवसाला साधारण ०.०५ मिलि रक्त घेतो. ऐकायला काहीच नाही, पण पोटात हजार किडे असले की रोजचे ५० मिलि गेले. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं पावणेदोन लिटरच्या आसपास. रक्तातली प्रथिनं घटली की पाणी ऊतींत उतरतं. मान खाली घालून चरताना ते जबड्याखाली साठतं, म्हणून संध्याकाळी सूज जास्त दिसते. लिव्हर फ्लूकमध्येही (यकृतातला चपटा किडा) अशी सूज येते, म्हणून लेंडी तपासल्याशिवाय शिक्कामोर्तब करत नाही.

पावसाळ्याचं कारण असं : एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी टाकते. ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात लेंडीतल्या अंड्यांच्या अळ्या होऊन गवतावर चढतात. म्हणजे तुम्ही आज पाजलेलं औषध आज पोट साफ करेल, पण ओढ्याकाठचं गवत उद्या पुन्हा भरेल.

आणि अल्बेंडाझोल. वर्षानुवर्षं तेच औषध, सगळ्या कळपाला एकदम, आणि बहुतेक मेंढीच्या मापाने. शेळीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीची मात्रा शेळीला अपुरी पडते. अपुऱ्या मात्रेतून जे किडे वाचतात त्यांचीच पिल्लावळ वाढते. जनावर आजारी पडतं ते बाटलीमुळे नाही, ती बाटली चुकीच्या मापाने वापरल्यामुळे.

गावरान :
डॉक्टर, म्हणजे पळसपापडी थोतांड?

डॉ_निवृत्त :
मी तसं कुठे म्हणालो? ते वनस्पतीवाल्यांना विचारा.

रानवाटा :
बोलावलंत म्हणून आले. वनस्पतिशास्त्र शिकवते, जंतांवर काम केलेलं नाही, पण पळसावर बरंच वाचलंय.

पळसपापडी थोतांड नाही. तिच्यात पॅलासोनिन नावाचं द्रव्य आहे. त्याची रासायनिक घडण कँथारिडिनच्या अगदी जवळची आहे. कँथारिडिन म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांमधलं विष. हे भीती घालायला सांगत नाही. किड्याला जे बाधतं ते पुरेशा मात्रेत शेळीलाही बाधू शकतं, एवढंच. "झाडाचं आहे, अपाय नाही" हे वाक्य पळसपापडीला तरी लावू नका.

आता मात्रा. पाकिस्तानात फैसलाबादच्या संशोधकांनी २००६ साली मेंढ्यांवरचा प्रयोग छापला. बियांची नुसती पूड, किलोमागे १, २ आणि ३ ग्रॅम. सगळ्यात जास्त मात्रेला दहाव्या दिवशी लेंडीतल्या अंड्यांची संख्या सुमारे ७८ टक्के घटली. चांगला आकडा आहे. पण हिशेब करा : २५ किलोच्या शेळीला किलोमागे ३ ग्रॅम म्हणजे ७५ ग्रॅम पूड. एका शेळीला, एका वेळेला. चाळीस जनावरांना सरासरी वीस किलो वजन धरलं तरी २४०० ग्रॅम. पळसाच्या एका शेंगेत टोकाला एकच चपटी बी असते. अडीच किलो पूड व्हायला किती शेंगा वेचाव्या लागतील?

आजोबांच्या गुळाच्या गोळीत किती पूड बसत असेल? पाच ग्रॅम? दहा? मला वाटतं खरा घोळ इथे आहे. वनस्पती बरोबर, पण मात्रा प्रयोगातल्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाची. मग "लागू पडलं" आणि "नाही पडलं" दोन्ही सांगणारे भेटतात.

माण_खटाव :
पापण्या पाहिल्या. सूज आलेल्या दोन्ही पांढऱ्या. करडांपैकी चार-पाच फिकट. डॉक्टरांना फोन केलाय, उद्या येतायत. ताई, तो हिशेब वाचून घरात हशा पिकला, आई म्हणाली शेंगा वेचायला गाव लागेल.

वैद्य_विदर्भ :
चर्चा चांगली चाललीय. आयुर्वेदात विडंग म्हणजे वावडिंग, पलाशबीज, आणि कंपिल्लक (कपिला, लाल भुकटी) हे कृमिघ्न म्हणून प्रसिद्ध आहेतच. वावडिंगात एंबेलिन हे द्रव्य, कपिल्यात रॉटलेरिन. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन तर एकेकाळी जगभर माणसांच्या जंतांवर ॲलोपॅथीचे डॉक्टरही देत असत. मात्रा जास्त झाली की रोग्याला सगळं पिवळं दिसायचं, म्हणून ते मागे पडलं.

चरकाने कृमींसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. अपकर्षण, म्हणजे किडे बाहेर काढणं. प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना पोटात राहणं अवघड करणं. आणि निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने होतात ते कारण टाळणं. आपण सगळे पहिल्यावरच भांडतोय. ओढ्याकाठचं गवत हे निदानपरिवर्जनात येतं, त्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

अजून एक. ग्रंथांतल्या मात्रा माणसाच्या आहेत. शेळीच्या पहिल्या पोटात कित्येक लिटर आंबवण चालू असतं. त्यात पडलेलं औषध पातळ होतं, जिवाणू ते मोडतात, उरलेलं चौथ्या पोटात पोचतं. वजनाच्या प्रमाणात मात्रा वाढवली की झालं, असा तो हिशेब नाही.

चिवट :
म्हणूनच काचेच्या बशीत किडे मेले असं दाखवणाऱ्या संशोधनाला मी फार भाव देत नाही. बशीत मिथेनॉलमधला अर्क ओतला की बहुतेक कुठल्याही पाल्याने किडे मरतात. जिवंत जनावरात काय झालं ते बोला.

पुसेसावळी_कडचा :
कडुनिंबाचं काय? आमच्याकडे आठवड्याला पाला टाकतो. शेळ्या आवडीने खातात.

डॉ_निवृत्त :
टाका, खाऊ द्या. पण जंताचं औषध म्हणून त्यावर विसंबू नका. बशीत कडुनिंब छान दिसतो. मेंढ्या-शेळ्यांना खाऊ घालून अंडी मोजली तेव्हा बऱ्याच ठिकाणी फरकच दिसला नाही. लसणाचंही तसंच. सीताफळाच्या बियांपासून लांब राहा. ती पूड डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ येते, तुमचाही आणि जनावराचाही.

एनडीडीबीच्या (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) पत्रकांत कांदा, लसूण, मोहरी, कारलं, हळद, केळीचा बुंधा, तुंबा (द्रोणपुष्पी), गूळ असं मिश्रण जंतांसाठी दिलेलं आहे, ते बरेच दूध उत्पादक वापरतात. ज्यांच्या जनावरांत जंतांचा भार कमी आहे त्यांनी जरूर करून बघावं, पण आधी आणि नंतर लेंडी किंवा शेण तपासून. पांढऱ्या पापणीला तेही नाही.

पाजण्याबद्दल एक सूचना, कारण दरवर्षी यात जनावरं जातात. पूड कालवून घट्ट काढा करायचा, शेळीचं तोंड आभाळाकडे करायचं आणि ओतायचं, असं चालू असतं. ते फुफ्फुसात जातं. तोंड जमिनीला समांतर ठेवा, गालाच्या कडेने थोडं थोडं द्या, ठसका लागला की सोडा. पूड द्यायचीच असेल तर पेंडीत कालवलेली बरी.

जॉर्जियाची_शेती :
मी मूळची नाशिकची, आता अमेरिकेत जॉर्जियात. नवऱ्याच्या घरी शेळ्या आहेत. इथली हवा दमट आणि उन्हाळा पावसाचा, त्यामुळे हाच किडा इथेही सगळ्यांच्या मानगुटीवर बसलाय आणि बहुतेक औषधांना दाद देत नाही.

इथे फोर्ट व्हॅलीच्या विद्यापीठाने सेरिसिया लेस्पेडेझा नावाच्या चाऱ्यावर बरीच वर्षं काम केलंय. पूर्व आशियातून आणलेली शेंगवर्गी वनस्पती, कित्येक राज्यांत तिला तण म्हणून शिव्या घालतात. तिच्यात टॅनिन (तुरट द्रव्य), तेही कंडेन्स्ड प्रकारचं, भरपूर. वाळवून किंवा गोळ्या करून दिली की लेंडीतली अंडी काही दिवसांतच खाली येतात. चारा बंद केला की बऱ्याचदा पुन्हा वर चढतात, कारण काही किडे मरतात आणि बाकीच्यांचं फक्त अंडी घालणं मंदावतं. पण गवतावर अळ्या कमी पडल्या तरी करडांचा जीव वाचतो.

तुमच्याकडे टॅनिनची झाडं काय कमी आहेत? बाभूळ आहे की!

रानवाटा :
बाभूळ, हिवर, बोर, जांभूळ. ताईंनी फार कामाची गोष्ट काढली. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे काही प्रथिन पहिल्या पोटातून न मोडता पुढे जातं आणि शेळीला मिळतं. जंतांमुळे शेळीची जी प्रथिनं वाहून जातात त्यांची थोडी भरपाई तिथे होते. किड्यांना बाधतं ते वेगळं. पण टॅनिन फार झालं, म्हणजे कोरड्या चाऱ्याच्या पाच-सहा टक्क्यांच्या वर गेलं, की भूक आणि पचन दोन्ही कमी होतं. म्हणून नुसत्या बाभळीवर शेळ्या ठेवू नका.

माण_खटाव :
बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात पडतात, जंत पावसाळ्यात. गाठ कशी घालायची?

गावरान :
शेंगा साठवायच्या! आमच्याकडे पोती भरून ठेवायचे. हे तरी जुन्यांचं मान्य कराल की नाही?

डॉ_निवृत्त :
पूर्ण मान्य. आणि त्यासोबत दुसरंही जुनंच सांगतो. शेळी ही झुडपं ओरबाडणारी जात आहे. अळ्या गवताच्या खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये सगळ्यात जास्त असतात. जी शेळी गुडघ्याच्या वरचा पाला खाते तिच्या पोटात अळ्या जातच नाहीत. मेंढी हजारो वर्षं गवत खात आली, तिच्यात जंतांशी झुंजायची थोडी ताकद आली. शेळीला तशी गरजच पडली नव्हती. माळावरची झुडपं तुटली, शेळी गवतावर आली आणि आपण बाटल्या घेऊन धावायला लागलो. सुबाभूळ, शेवरी बांधावर लावून पाला कापून टांगून द्या. हा चारा औषधापेक्षा मोठं काम करतो, कारण तो अळ्यांपासून वर टांगलेला असतो.

मेंढरामागं :
आम्ही फलटण बाजूचे, दख्खनी मेंढरं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडावर परत. म्हातारे लोक काय सांगायचे ते लिहितो. एका जागी जास्त रात्री वाडा बसवायचा नाही. सकाळी दहिवर असेपर्यंत मेंढरं सोडायची नाहीत. भातखाचरातल्या पाण्याच्या कडेला चारायचं नाही, तिथल्या गोगलगाईनं मेंढरू खंगतं. पुस्तक वाचलं नव्हतं त्यांनी. पण वाडा हलवला की घाण मागं राहती आणि मेंढरू पुढं जातंय, एवढं त्यांना कळत होतं.

आता मुक्कामाला जागाच मिळत नाही. ऊस, द्राक्ष, कुंपण. एका वावरात महिना काढावा लागतो. तवा जंत वाढले यात नवल काय?

झाडपाल्याचं म्हणाल तर आमच्यात सुपारी कुत्र्याला देत्यात.

डॉ_निवृत्त :
दादा, गोगलगाईचं अगदी बरोबर. लिव्हर फ्लूकचं अर्धं आयुष्य पाण्यातल्या गोगलगाईत जातं. सुपारीतही तथ्य आहे, अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. त्याने कुत्र्याच्या आतड्यातला पट्टकृमी लुळा पडून बाहेर येतो. न्यूझीलंडात कुत्र्यांच्या जंतमोहिमेत हेच वापरत. पण मात्रा चुकली की कुत्रं फेस गाळतं, उलट्या करतं, मरूही शकतं. आता त्यासाठी प्राझिक्वांटेलची गोळी मिळते, तीच द्या. आणि द्याच. मेंढरू गोल गोल फिरायला लागतं, मान एका बाजूला धरतं, तो आजार कुत्र्याच्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे होतो. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्याला टाकू नका.

चिवट :
सगळं ठीक आहे, पण कुणी मोजतं का? "आमच्याकडे फरक पडला" याला मी पुरावा मानत नाही. पावसाळा संपला की जंत आपोआप उतरतात. ऑक्टोबरात दिलेल्या कुठल्याही पाल्याचा गुण नोव्हेंबरात दिसतो.

मोजणी सोपी आहे. लेंडी शेळीच्या गुदद्वारातूनच घ्या, जमिनीवरची नको. पिशवी बंद, थंड जागी, त्याच दिवशी पोचती करा. प्रयोगशाळेत मीठपाण्यात कालवून मॅकमास्टरच्या खाचेच्या काचेत अंडी मोजतात, उत्तर येतं एका ग्रॅममागे किती. औषध दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा. समजा आधी सरासरी २००० होती आणि नंतर ६०० झाली. ७० टक्के घट, वा वा. पण ज्या पाच-सात शेळ्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचीही २००० वरून ८०० वर आली असेल, तर तुमच्या पाल्याने खरं काम केलं २५ टक्के. न दिलेला गट ठेवला नाही तर पावसाचं श्रेय पळसाला जातं. बाटलीलाही हाच नियम. चांगलं औषध ९५ टक्क्यांच्या वर घट दाखवतं, खाली आलं की किडे सरावलेत.

गावरान :
हे पुण्या-मुंबईत बसून सांगायला सोपं. गावात कोण मोजून देतो?

डॉ_निवृत्त :
तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात सूक्ष्मदर्शक असतो. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, साताऱ्याकडच्यांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ. सगळ्या शेळ्यांचं नको, दहा नमुने पुरे. आणि मोजणी जमलीच नाही तर पापणी आहे. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फमाचा नावाचं रंगांचं कार्ड बनवलं, लालला १, पांढऱ्याला ५. पंधरा दिवसांनी सगळ्यांच्या पापण्या बघायच्या आणि ४-५ वाल्यांनाच औषध पाजायचं. कळपातल्या वीस-तीस टक्के जनावरांत ऐंशी टक्के जंत असतात. बाकीच्यांना न पाजल्याने औषधाला न सरावलेले किडेही शिल्लक राहतात, आणि औषध जास्त वर्षं टिकतं.

सातबारा :
थोडं विषय सोडून : म्हशीच्या रेडकांना पळसपापडी चालेल का? दहा-बारा दिवसांचं आहे, शेणाला वास येतोय, पोट फुगलंय.

डॉ_निवृत्त :
नाही. एवढ्या लहान रेडकाला पाला नको. त्याचे जंत आईच्या दुधातून येतात, लांब पांढरे. दवाखान्यातून पायपराझिन आणा, याच वयात द्यायचं असतं. नवीन धागा काढा, इथे हरवेल.

माण_खटाव :
उशिरा लिहितोय. डॉक्टर येऊन गेले, लेंडीही तपासली. गोलकृमींची अंडी भरपूर, फ्लूक नाही. करडांच्या लेंडीत कॉक्सिडियाही (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) निघाला, त्याचं औषध वेगळं दिलं. जंतांसाठी अल्बेंडाझोल बंद, दुसऱ्या गटातलं औषध, तेही एकेकाचं वजन करून. सुजलेल्यांपैकी एक गेली. दुसरी सावरली, पापणी आता गुलाबी आहे.

ओढ्याकाठ सध्या बंद केलाय. शेवरी लावायची ठरलीय. पळसपापडीचं आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आम्ही मूठभर द्यायचो, गोळी कोण म्हणालं?" म्हणजे ताईंच्या ७५ ग्रॅमच्या जवळ जातंय की!

रानवाटा :
मग आजोबांची मूठ काट्यावर मोजून घ्या आणि इथे लिहा. मूठ बियांची की पुडीची तेही विचारा. गाभण शेळीला द्यायचे का, हे तर नक्की विचारा. पलाशबीज परंपरेत गर्भ राहू नये म्हणूनही वापरलेलं आहे, त्यामुळे मी तरी गाभणीला देणार नाही.

डॉ_निवृत्त :
बरोबर. अल्बेंडाझोलही गाभणीच्या पहिल्या महिन्यात देत नाहीत.

मेंढरामागं :
बोकड निवडताना बघा. काही जनावरं त्याच गवतावर चरून लालच राहत्यात. फलटणच्या निंबकरांच्या संस्थेत बंगालच्या गारोळ मेंढ्यांशी दख्खनीचा संकर केला, त्यात जंतांना तोंड द्यायची ताकद जास्त दिसली. आपल्याकडं मात्र बोकड निवडतात कानावर आणि उंचीवर.

माण_खटाव :
हे ध्यानात ठेवतो. सध्याच्या बोकडाची पापणी दोन्ही वेळेला लाल होती, तोच ठेवतोय. आणि बाभळीच्या शेंगा दळून द्यायच्या की अख्ख्या?

जॉर्जियाची_शेती :
दळून. अख्ख्या दिल्या तर बऱ्याच बिया तशाच लेंडीतून पडतील आणि पुढच्या पावसात गोठ्यामागे बाभूळबन उठेल.

गावरान :
उठू दे की, पाला होईल!